जावयाला कोणी सांगायचं

आमच्या गावचा फुटबॉलचा क्लब हरायचा तो माझ्या नवऱ्यामुळेच. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे मी नवऱ्याची बाजू घेते आहे असं कुणाला वाटायला नको. तो क्लबाचा मॅनेजर होता आणि त्याला मॅनेजरकी येत नव्हती. तोंडावर मी त्याला जन्मात एकेरी बोलले नाही. लिहिताना एकेरीच लिहिते. तो आता ऐकायला नाही, आणि माझा हात दुखतो, तेवढी अक्षरं वाचतात.

आमचं गाव तापीच्या काठचं, शहाद्यापासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. वडिलांना मी आबा म्हणायची. काळी जमीन, कापूस, दारात बैल, आणि मुलगा नाही. मी एकटी. मराठी चौथी झाल्यावर आबांनी माझी शाळा बंद केली आणि पुढं घरजावई शोधला. तो नदीपलीकडच्या एका कोरड्या गावचा, आमच्याच जातीतला, धुळ्याला राहून मॅट्रिक झालेला. शाळेत असताना फुटबॉल खेळलेला. आबांनी त्याच्यात दोन गोष्टी बघितल्या. त्याला जमीन नव्हती, आणि तो उंच होता. उंच माणूस चारचौघांत बरा दिसतो, असं ते म्हणाले. बैल घेतानाही ते आधी उंचीच बघायचे.

क्लब आबांनी काढला तो खेळाच्या आवडीनं नाही. लढाईचे दिवस होते, तरी शहाद्याला शील्डाचे सामने व्हायचे. मामलेदार बघायला यायचा, आणि ज्या गावची टीम खेळत असेल त्या गावच्या मोठ्या माणसाची खुर्ची मामलेदाराच्या शेजारी मांडायचे. आबांना ती खुर्ची पाहिजे होती. त्यासाठी त्यांनी गावाबाहेरचं पडीक सपाट करून घेतलं आणि शिंप्याकडून हिरवे सदरे शिवून घेतले. चेंडू काकांनी सुरतेहून आणला. मॅनेजर आणावा लागला नाही, तो घरात बसूनच होता.

खेळाडू म्हणजे आमच्या भाऊबंदांची पोरं. गोलात उभा राहायचा तो काकांचा मुलगा, माझा चुलतभाऊ. तो जाड होता आणि त्याला वाकायचा कंटाळा होता. पण चेंडू काकांनी आणलेला, म्हणून गोलात तोच. नवरा त्याला काढू शकत नव्हता. ज्या घरचं खातो त्या घरच्या पोराला घरजावई काय बोलणार? आणि पोरंही नवऱ्याला काही बोलू शकत नव्हती, कारण तो गावचा जावई. आमच्याकडे जावयाला तोंडावर वाईट सांगत नाहीत. सासरा तर नाहीच नाही. सासऱ्यानं जावयाला 'हे करू नका' म्हटलं तर कमीपणा सासऱ्याचाच. अगदीच सांगायची वेळ आली तर मुलीला सांगायचं, मुलगी नवऱ्याला सांगते. त्यामुळे टीम हरून आली की गाव म्हणायचं, "पाव्हणा, भलती मेहनत करी तुम्ही." आणि नवरा पोरांना म्हणायचा, "चांगलं खेळलात." असं एकमेकांचं कौतुक करत ते दर वर्षी हरायचे.

मी सामना एकही पाहिला नाही. बायका जात नसत. सदरे धुवायला मात्र माझ्याकडे यायचे, आणि त्यावरून मला सगळं कळायचं. आमचे सदरे फारसे मळत नसत.

मला फुटबॉलचं काही पडलेलं नव्हतं. मला एवढंच पाहिजे होतं की त्या घरात माझ्या नवऱ्याचं स्वतःचं म्हणून काहीतरी असावं. जमीन आबांची, बैल आबांचे, मी आबांची. त्याची फक्त मॅनेजरकी होती. गळ्यात एक पितळी शिट्टी, आणि संध्याकाळी घराबाहेर पडायला एक कारण. तेवढं गेलं की तो नुसता जेवणारा माणूस उरत होता आणि मी त्याला वाढणारी. मुलगी तेव्हा अंगावर पीत होती.

एका माघात टीम इतकी वाईट हरली की अर्ध्या सामन्यातच मामलेदार हसत हसत उठून गेला. दुसऱ्या दिवशी आबांची खुर्ची मागच्या रांगेत, कापसाच्या जीनच्या मुनिमाशेजारी मांडलेली होती. आबा बैलांच्या दमणीतून उतरले ते पायसुद्धा न धुता मायजवळ येऊन उभे राहिले.

"मॅनेजर बदलना पडी," ते म्हणाले.

माय भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला नाही. "पन त्याले सांगी कोन?"

"देखसूत," आबा म्हणाले.

मी तिथंच चुलीपाशी होते. माझ्याकडे दोघांनीही बघितलं नाही.

त्यानंतर दोन-चार दिवसांनी ओट्यावर बैठक बसली. आबा, काका, भाऊबंदांतले दोन म्हातारे, आणि मॅनेजर म्हणून माझा नवरा. मी दाराआड. जावई समोर बसलेला, त्यामुळे कुणी वाईट बोलेना. काकांना मात्र राहवलं नाही.

"पाव्हणा," काका म्हणाले, "तुम्ही सांगतंस ते आम्हना पोरे ऐकतंस. पन त्या चेंडूले कोनी सांगं नही वाटतं, का तुम्ही जवाई शेतस."

सगळे हसले. नवराही हसला. त्याला ते कौतुक वाटलं की काय कोण जाणे.

मग आबा गोड आवाजात म्हणाले, "पाव्हणा, तुम्हले एकलाले भलतं काम पडस. एक मदतीले मानूस देखा. तुम्हीच देखा. तुम्हना शिवाय आम्हले काय समजस?"

नवरा आत आला तो उजळून आला होता. तो घरातही पुस्तकी बोलायचा, मॅट्रिकची सवय. "मला असिस्टंट देणार आहेत," तो म्हणाला. "माणूस मीच निवडायचा."

"असिस्टंट नाही," मी म्हटलं. "तुमच्या जागेवर माणूस बघताहेत. तुमच्याच हातून."

"तसं असतं तर मामांनी मला तोंडावर सांगितलं असतं." आबांना तो मामा म्हणायचा.

"तुम्ही जावई आहात. तुम्हाला तोंडावर कोण सांगणार?"

"तू चौथी शिकलेली," तो म्हणाला, "तुला यातलं काय कळतंय?"

जे कळत होतं त्याला चौथीसुद्धा लागत नव्हती.

तो इतक्या मनापासून माणूस शोधत फिरला की गाव त्याला बघायला ओट्यावर बसायचं. "काय पाव्हणा, सापडना का?" म्हणून रोज विचारायचे आणि तो रोज उभा राहून नीट सांगायचा. शेवटी त्यानं तिघांना बोलावलं. ते चैतात एकाच दिवशी आले आणि अंगणात उभे राहिले. ओट्यावर तेच सगळे बसलेले. नवरा मध्ये उभा, एकेकाची ओळख करून देत.

पहिला शाळामास्तर होता. त्यानं आल्या आल्या बसायला खुर्ची मागितली. आबांनी त्याला पाणी दिलं आणि पाणी पिऊन झाल्यावर वाटेला लावलं. खुर्चीचं नाव त्या दिवसांत आबांपुढं काढायचं नव्हतं, ते त्या बिचाऱ्याला माहीत नव्हतं.

दुसरा पहिलवान. त्याला चेंडू दिला तर त्यानं तो काखेत दाबला आणि विचारलं, "फोडाना शे का?" काकांना तो पसंत पडला होता. काकांना तोंडानं कमी बोलणारी माणसं आवडायची. पण तो खाणार किती, या विचारानं आबांनी त्याला घेतला नाही.

तिसरा खापर गावाकडचा एक पेन्शनर हवालदार. पलटणीत असताना त्यानं साहेबांची टीम सांभाळली होती. पायाला गोळी लागून घरी आला होता. वय झालेलं, अंग सुकलेलं, पण ताठ उभा होता. नवऱ्यानं त्याचं कौतुक सुरू केलं, पलटणीत किती शील्डं जिंकली, कसं शिकवतो. ओट्यावरचं कुणी ऐकत नव्हतं. सगळे पायाकडे बघत होते.

"चालाडी देखा," काका म्हणाले.

नवऱ्यानं त्याला अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं. मग परत. मग पळायला. हवालदार पळाला.

"डावा पाय वढस," एक म्हातारा म्हणाला.

काका खाली उतरले, हवालदारापुढं उकिडवे बसले आणि सारंगखेड्याच्या बाजारात जनावराचा पाय चाचपावा तसा त्याचा पाय गुडघ्यापासून खालपर्यंत चाचपला. हवालदार समोर बघत राहिला. त्याचा खाकी कोट माझ्या नवऱ्याच्या हातात होता.

"दात देखाना ऱ्हायना," दुसरा म्हातारा म्हणाला आणि ओटा हसून हसून लोळला. हवालदारानं खरंच तोंड उघडलं. मला वाटतं, पलटणीत डॉक्टर बघत असेल, त्या सवयीनं उघडलं असेल. त्याला काम पाहिजे होतं, तोंड उघडल्यानं मिळत असेल तर उघडायला त्याची हरकत नव्हती.

"चाली," आबा म्हणाले. "आखाजीले ये."

आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया. आमच्या खानदेशात वर्षाचा गडी, ज्याला सालदार म्हणतात, तो आखाजीला ठरतो. जुना राहिला तर राहिला, नाही तर नवा. इतकी ज्वारी, धोतरजोडा, पायात जोडा, आणि वर्षभर मालक सांगेल ते काम. आबांनी आयुष्यात माणूस कामाला ठेवला तो असाच. दुसरी रीत त्यांना माहीत नव्हती. मॅनेजर कसा ठेवतात हे कुणाला विचारायचंही त्यांना सुचलं नाही. सालदार ठेवतात तसाच ठेवला.

आखाजीला सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, आणि त्या दिवशी बायकांना शिव्या माफ असतात. एका गल्लीच्या बायका दुसऱ्या गल्लीच्या माणसांवर गाणी रचून शिव्या देतात. त्या वर्षी वरच्या गल्लीनं माझ्या नवऱ्यावर गाणं रचलं होतं. सकाळपासून झोक्यावर तेच चाललं होतं. वर्षभर ज्याला कुणी शब्द बोलू शकत नव्हतं त्याला त्यांनी एका सकाळीत सगळं ऐकवलं. चाल चांगली होती. माझी मुलगीसुद्धा त्यावर हात हलवत होती.

अंगणात सालदार रांगेनं बसलेले होते. रांगेच्या शेवटी हवालदार, खाकी कोट घालून. आबा एकेकाचं साल ठरवत होते. हवालदाराचं ठरवलं, त्याच्या हातावर साल ठरल्याची सुपारी ठेवली, आणि मला हाक मारली.

"बाई, पाव्हनास्ना गयामातली शिट्टी काढीसन दे आठे."

नवरा माझ्यापासून चार हातांवर ओट्याच्या खांबाला टेकून उभा होता. खेळाडू पोरंही जमलेली होती. आबांनी त्याच्याकडे बघितलं नाही.

"तुम्हीच मांगा," मी म्हटलं.

"सासरा जवाईकडे मांगस का?" आबा म्हणाले. ते चिडलेले नव्हते. मी लहान असताना ते मला पाढा समजावायचे तसं त्यांनी समजावलं.

मी हलले नाही. नवऱ्यानं आधी माझ्याकडे बघितलं, मग हवालदाराकडे, त्याच्या हातावरच्या सुपारीकडे. तेव्हा कुठं त्याला कळलं. त्यानं स्वतःच शिट्टी काढली. माझ्या हातात ठेवली. मी हवालदाराला दिली. हवालदारानं सालदारांच्या तांब्यातलं पाणी घेऊन ती धुतली, फुंकून बघितली, आणि गळ्यात घातली. चुलतभाऊ मोठ्यानं हसला.

त्याच दुपारी मायनं जावयाला पाटावर बसवून ओवाळलं. नवा धोतरजोडा दिला. खापरावरच्या पुरणाच्या पोळ्या आणि आमरस. आबा स्वतः आग्रह करत होते, "पाव्हणा, आखो एक." नवरा जेवला. सगळं जेवला. मला शिट्टीचा राग आला नव्हता तेवढा त्या जेवणाचा आला.

पुढचं वर्ष कसं गेलं ते थोडक्यात सांगते. नवरा संध्याकाळी घराबाहेर पडेना. पडला तर लोक "या पाव्हणा, बसा पाव्हणा" करायचे. कुणी त्याला टाकून बोललं नाही. कामही सांगितलं नाही. तो ओट्यावर बसून भिंतीचा पोपडा नखानं काढायचा. एक भिंत त्यानं अशी सोलली.

हवालदाराला खेळ येत होता, हे खरं. पण तो सालदार होता. आबांनी त्याला पावसाळ्यात निंदणीला लावला, दिवाळीनंतर कापसाच्या गाडीबरोबर शहाद्याला पाठवू लागले. पोरं पडीकावर जमायची तेव्हा मॅनेजर गाडीवर असायचा. असला तरी काय? मालकांची पोरं सालदाराचं ऐकतात होय? तो म्हणायचा, पळा. ती म्हणायची, "आधी पानी लय." तो पाणी आणायचा.

एकदा मात्र त्यानं चुलतभावाच्या कानाखाली वाजवली. गोलात बसून शेंगा खात होता म्हणून. काका तणतणत आले. आबांनी हवालदाराला अंगणात सगळ्यांदेखत कान धरून उभा केला. लढाईवर जाऊन आलेला माणूस, आमच्या गोठ्यासमोर कान धरून उभा. चुलतभाऊ समोर खाटेवर बसून उरलेल्या शेंगा खात होता. त्यानंतर हवालदार कुणी सांगितल्याशिवाय शिट्टीसुद्धा वाजवत नसे.

जावयाला कुणी बोलू शकत नव्हतं, आणि सालदार कुणाला बोलू शकत नव्हता. एवढाच फरक होता. टीम पहिल्यापेक्षा जास्त हरली. त्या माघात आबांसाठी खुर्ची मांडलीच नाही. ते गाडीच्या दांडीवर बसून सामना बघून आले.

फाल्गुनात मायनं मला सांगितलं, "तुन्हा नवराले इचार. परत मॅनेजर व्हस का?"

मी विचारलं. नवरा भिंत सोलत होता.

"होईन," तो म्हणाला. "पण सालावर. ज्वारी, धोतरजोडा आणि पायात जोडा. सालदाराला देतात तसं."

"तुम्हाला जोडा कमी आहे का?"

"आहे तो जावयाचा आहे," तो म्हणाला. "मला माझा पाहिजे. आणि चुकलं तर त्यांनी मला तोंडावर बोलायचं. हेही सांग."

मी तसंच्या तसं मायला सांगितलं. माय म्हणाली, "येडा व्हई गया." आबांनी ऐकलं आणि हसले. जावयाला सालावर ठेवलं तर जातीत तोंड दाखवता येईल का, असं म्हणाले, आणि विषय संपला असं त्यांना वाटलं.

आखाजीच्या सकाळी सालदार येऊन रांगेत बसले. नवरा आतून आला. अंगात जुना सदरा. ओट्यावरून उतरला आणि रांगेच्या शेवटी, हवालदाराच्या पलीकडे, मातीत मांडी घालून बसला. हवालदार दचकून उठायला लागला. नवऱ्यानं त्याला हातानं खाली बसवलं.

झोक्यावरचं गाणं थांबलं. भिंतीवरून बायका बघू लागल्या.

आबांनी पहिल्यापासून सालं ठरवायला सुरुवात केली. आवाज नेहमीसारखा. हवालदाराचं ठरवलं नाही. त्याला म्हणाले, "तुन्हं काम नही." हवालदार सलाम करून उठला. किती सोपं होतं ते. मग एकटा माझा नवरा राहिला.

आबांनी माझ्याकडे बघितलं. "बाई, पाव्हनास्ले सांग, ऊठा म्हणा. जेवाले चला म्हणा."

"सालदाराला मालक सांगतो," मी म्हटलं. "तुम्ही सांगा."

"बाई!"

"मी नाही सांगणार."

नवरा मान वर करून आबांकडे बघत बसला होता. असा सरळ त्यानं त्यांच्याकडे कधी बघितलं नव्हतं. काका म्हणाले, "पाव्हणा, हाई काय सोंग लावं?" तो काकांकडे वळलाही नाही. वरच्या गल्लीची एक बाई भिंतीवरून हसली. ते हसू आबांना लागलं. त्यांची मान लाल झाली.

"ऊठ," आबा म्हणाले. "ऊठ आठून. फुकट खावाले उना नि मन्ही इज्जत मातीमा घाली. चालता व्हय."

नवरा उठला. धोतराची माती झटकली. आत गेला, आखाजीचा नवा धोतरजोडा खुंटीवर होता तो तिथंच ठेवला, पायातला जोडा उंबऱ्याजवळ काढला, आणि अनवाणी निघाला.

मी मुलीला कडेवर घेतलं आणि त्याच्या मागं निघाले. कुणाला वाटेल प्रेमानं गेले. तसं काही नव्हतं. बापानं नवऱ्याला सगळ्यांदेखत एकेरीत हाकलल्यावर त्या घरात मुलीनं राहायचं म्हणजे सून नाही, लेक नाही, नुसती एक भाकरी जास्त. मायनं मला अडवलं नाही. आबांनी दमणी जुंपायला सांगितली नाही. वरच्या गल्लीच्या बायकांनी वाट दिली, आणि आम्ही वळणापलीकडे गेल्यावर झोका पुन्हा सुरू झाला. आबांची जमीन पुढं चुलतभावाला गेली. वाकायचा त्याला शेवटपर्यंत कंटाळाच होता, पण जमिनीसाठी वाकावं लागलंच नाही.

वैशाखातली तापी, पलीकडे त्याचं गाव, पाणी मांडीइतकं. नवरा पुढं, धोतर वर खोचून, मुलगी त्याच्या खांद्यावर. मी मागं. मध्यावर तो थांबला आणि वळला. वर्षभरात मी त्याचा चेहरा इतका चांगला बघितला नव्हता.

"बघितलंस?" तो म्हणाला. "शेवटी त्यांनीच सांगितलं. स्वतःच्या तोंडानं. मला, तोंडावर."

"सांगितलं," मी म्हटलं. "आता तुम्ही सांगा, तुमच्या आईकडे ज्वारी किती दिवसांची आहे?"

त्यानं मुलीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि पुढं चालू लागला.